झोल काढणे (खानदेश)

झोल काढणे : मालिका बघून झाल्यावर तिच्या कथेतली न जुळणारी, न पटणारी जागा शोधून त्यावर वाद घालणे आणि त्याच ओघात अमुक पात्र असं का वागलं याचा निवाडा करायला बसणे. तसे झोल सगळ्याच मालिकांचे निघतात, सासू-सुनांच्या मालिकांचे तर रोज निघतात, पण ही नोंद डिस्टोपियन मालिकांपुरती आहे, म्हणजे एखादं क्रूर राज्य, क्रूर खेळ किंवा माणसाला नंबर देऊन मोकळी होणारी व्यवस्था दाखवणाऱ्या मालिका. घरगुती मालिकेतल्या जगाचे नियम आपल्याला आधीच ठाऊक असतात. इथे नियम लेखकानेच बनवलेले असतात आणि त्यानेच ते मोडले की बघणारा चिडतो. खानदेश म्हणजे आजचे जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे जिल्हे (जुन्या खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग १९०६ मध्ये झाले, नंदुरबार १९९८ मध्ये धुळ्यापासून वेगळा झाला), आणि त्यात सुरतेला कामाधंद्यासाठी जाऊन राहिलेली खानदेशी मंडळी पण धरायचीच, का ते पुढे येईल.

झोल या शब्दाबद्दल दोन मतं आहेत. एक मत असं की हा मुंबईच्या रस्त्यावरचा शब्द, झोल म्हणजे लफडं, फसवाफसवी, आणि तो हिंदी सिनेमातून सगळीकडे पसरला, म्हणून कथेतला झोल म्हणजे लेखकाने प्रेक्षकाला घातलेली टोपी. दुसरं मत जुन्या अर्थाकडे बोट दाखवतं. कपडे वाळत घालायची दोरी मधे लोंबली की तिला झोल पडला म्हणतात, विजेच्या तारेला पडतो, मांडवाच्या कापडाला पडतो. मुंबईचा अर्थ कानावर जास्त येतो हे खरं, पण प्रत्यक्ष वादावादी ऐकली तर दुसरं मत जास्त जुळतं असं वाटतं, कारण दोन खुंट्या पक्क्या असतात, कथेची सुरुवात आणि शेवट, मधली दोरी तेवढी सैल असते आणि वाद घालणारे ती ताणून बसवायला बघतात. इंग्रजीत याच गोष्टीला कथेतलं भोक म्हणतात. भोक बुजवावं लागतं, झोल नुसता ओढला तरी जातो, आणि झोल काढणे या शब्दात तो शोधणं आणि ओढून घालवणं दोन्ही बसतं.

डिस्टोपिया शब्दाचा जन्म पण वादाचाच. थॉमस मोरने १५१६ मध्ये युटोपिया हा शब्द घडवला, ग्रीकमधून, ‘नसलेली जागा’ आणि ‘चांगली जागा’ असे दोन्ही अर्थ एकाच उच्चारात बसवून. त्याच्या उलटा डिस्टोपिया. बरीच वर्षं याचं श्रेय इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलला दिलं जायचं, त्याने १८६८ मध्ये ब्रिटिश संसदेत आयर्लंडच्या प्रश्नावर बोलताना विरोधकांना हा शब्द मारला होता आणि सोबत बेंथम या तत्त्वज्ञाचा काकोटोपिया (वाईट जागा) हा शब्द पण वापरला होता. नंतर १७४७ च्या एका इंग्रजी कवितेत थोड्या वेगळ्या स्पेलिंगने तो सापडल्याचं पुढे आलं. आजचा अर्थ मात्र मिलच्याच भाषणाशी जवळचा दिसतो, कारण त्याचा मुद्दा होता की जे राबवता येण्यापलीकडे चांगलं आहे त्याला युटोपिया म्हणा, हे तर राबवता येण्यापलीकडे वाईट आहे. आणि राबवता येईल का, हाच झोल काढणाऱ्याचा पहिला प्रश्न असतो. अहिराणीत तो ‘काबरं?’ असा येतो, यावल-रावेरकडे लेवा बोलीत ‘काहून?’ असा. (बहिणाबाई चौधरींची भाषा सरसकट अहिराणी म्हटली जाते, ती लेवा बोली आहे हे इथे जाता जाता सांगून ठेवतो.)

पूर्वपरंपरा सांगताना ॲरिस्टॉटलपासून सुरुवात करायची पद्धत आहे. अशक्य पण पटणारी गोष्ट ही शक्य पण न पटणाऱ्या गोष्टीपेक्षा बरी, हे त्याचं म्हणणं आजही प्रत्येक वादात कोणीतरी नाव न घेता बोलून जातं. आपल्याकडे अकराव्या शतकात काश्मीरच्या क्षेमेंद्राने औचित्यविचारचर्चा लिहिली, त्यात कोणत्या ठिकाणी काय शोभत नाही याची उदाहरणं देताना त्याने स्वतःच्या ओळी पण सोडल्या नाहीत. इंग्रज कवी कोलरिजने १८१७ मध्ये वाचताना अविश्वास आपणहून बाजूला ठेवण्याची गोष्ट सांगितली. हे सगळं ठीक, पण क्षेमेंद्रापासून जळगावच्या चहाच्या टपरीपर्यंत सरळ रेघ ओढता येत नाही. काही जण कलगी-तुऱ्याच्या सवाल-जवाबाला याचं मूळ मानतात. तिथे अडचण अशी की सवाल टाकणाऱ्या शाहिराकडे जवाब आधीच तयार असतो आणि समोरच्याला अडवायचं एवढाच हेतू असतो, झोल काढताना दोघांकडेही उत्तर नसतं. त्यापेक्षा १९८७-८८ पासून दूरदर्शनवर रामायण, महाभारत लागलं आणि एका टीव्हीसमोर अख्खी गल्ली बसायला लागली ते जास्त जवळचं मूळ म्हणावं लागेल. बाकी वाढ ताजी आहे. नेटफ्लिक्स २०१६ च्या जानेवारीत भारतात आलं, त्याच सप्टेंबरात जिओ आलं, २०१९ मध्ये फक्त मोबाईलवर चालणारा १९९ रुपयांचा प्लॅन आला आणि परदेशी मालिका हिंदी डबिंगमधे शेतात, बसमधे, मेसमधे पोचल्या.

सगळ्यात जास्त झोल निघाले ते स्क्विड गेमचे (कोरियन, पहिला सीझन १७ सप्टेंबर २०२१, नऊ भाग). ४५६ कर्जबाजारी लोक, लहानपणीचे खेळ, हरला की मेला, आणि बक्षीस ४५.६ अब्ज वॉन, म्हणजे माणशी दहा कोटी वॉन. आपल्या रुपयात तेव्हाच्या भावाने पावणेतीनशे ते तीनशे कोटी, आणि यावर तीस टक्के टॅक्स जाईल का इथपासून हिरोने वर्षभर पैशाला हात लावला नाही तर निदान सोनं तरी घेऊन ठेवायचं होतं इथपर्यंत चर्चा झालेली आहे, जळगावात दुसरं काय होणार.

त्यातही काचेच्या पुलाचा वाद वेगळा सांगायला हवा. पुलावर काचांच्या १८ जोड्या, प्रत्येक जोडीत एक काच पक्की, एक फुटणारी, आणि १६ खेळाडू एकामागे एक. पुढचा पडला की मागच्याला तेवढी काच कळते. पहिल्या नंबरवाल्याने एकट्याने पार जायची शक्यता २,६२,१४४ मधे एक. पण म्हणून सगळेच मरायला पाहिजेत असं नाही, आणि इथेच भल्याभल्यांचं गणित चुकतं. प्रत्येक जोडीवर पहिल्यांदा पाय टाकणारा कोणीतरी एकच असतो, तो निम्म्या वेळा चुकतो, म्हणून १८ जोड्यांमागे सरासरी नऊ जण जातात आणि सात उरतात. मालिकेत पलीकडे पोचले फक्त तिघं. मग हा झोल का? गणितवाले म्हणतात की हो, चार माणसं लेखकाने जास्तीची मारली. दुसरी बाजू म्हणते की गणितात धक्काबुक्की धरलेली नाही, वेळेची मर्यादा धरलेली नाही, घाबरलेल्या माणसाला पुढच्याने कुठे पाय टाकला ते आठवत नाही हे पण धरलेलं नाही. शिवाय काचेच्या कारखान्यात काम केलेला एक जण उजेडावरून काच ओळखायला लागला तर वरून लाईटच बंद केले गेले. दुसरी बाजू बरोबर वाटते. हिरो शेवटच्या सोळाव्या नंबरवर होता म्हणून त्याला वाचवायची सेटिंग होती, हा आरोप पण टिकत नाही, कारण धक्काबुक्की आणि घड्याळ सोडलं तर सोळावा माणूस पण जायची पाळी साधारण दीड हजारात एकदा येईल, त्याला वाचवायला लेखक लागतच नाही.

म्हाताऱ्या एक नंबरवाल्याचे (खेळाडू क्रमांक १, खेळामागे तोच होता हे शेवटी कळतं) झोल वेगळ्या जातीचे, ते दुसऱ्यांदा बघताना सापडतात. गोट्यांच्या खेळात त्याला गोळी लागताना दिसत नाही, फक्त आवाज येतो. पहिल्या खेळानंतर २०१ जण उरतात, थांबायचं की घरी जायचं यावर मतदान होतं, १००-१०० वर अडतं आणि शेवटचं मत त्याचंच. हे झोल नव्हेत, लेखकाने मुद्दाम ठेवलेल्या खुणा आहेत. दोन्हीत फरक न करणारा माणूस वादात लवकर उघडा पडतो.

पात्रांच्या बाबतीत खानदेशात सगळ्यात जास्त चर्चा अलीची. पाकिस्तानातून आलेला कामगार, मालकाने महिनोन्महिने पगार दबवलेला, हाताला इजा. शिकलेला सांग-वू त्याला सांगतो की मला साहेब म्हणू नको, दादा म्हण, आणि पुढे त्याच दादाने गोट्यांची पिशवी बांधून देतो म्हणत आत खडे भरून त्याला दिले. अली मूर्ख होता का, हा प्रश्न. शहरात बहुतेक हो म्हणतात. सुरतेच्या लूमवर काम केलेले, मुकादमाच्या शब्दावर गाडीत बसलेले लोक नाही म्हणतात, त्यांचं म्हणणं परक्या गावात ज्याने बसभाडं दिलं आणि नातं लावलं त्याच्यावर विश्वास नाही ठेवायचा तर जगायचं कसं. थंडीत एका भरीत पार्टीला हा वाद प्रत्यक्ष बघायला मिळाला. वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजायला टाकलेली, एकाने रुमालात बांधावरचे खडे बांधले, दुसऱ्याने पोराच्या दप्तरातल्या वीस गोट्या दुसऱ्या रुमालात बांधल्या आणि डोळे मिटून सगळ्यांना धरायला लावलं. सातातल्या पाच जणांना फरक कळला. मग एक आप्पा, जे तोवर गप्प वांगी उलटवत होते, ते म्हणाले, “तुम्हाला सांगून धरायला दिलं ना भो, त्याला कुठे सांगितलं होतं.” भरीत बडगीत (ठेचायच्या लाकडी भांड्यात) ठेचेपर्यंत त्यावर कोणाला उत्तर सुचलं नाही.

लैला ही भारतीय मालिका (नेटफ्लिक्स, जून २०१९, सहा भाग) तेवढी चालली नाही, पण तिच्यावरची चर्चा पाण्यावर जाते हे विशेष. आर्यावर्त नावाच्या राज्यात पाणी सोन्याच्या मोलाचं, आणि सुरुवातीलाच एका श्रीमंत घरात पोहायचा तलाव. नळाला रोज पाणी न येणाऱ्या गावातला माणूस इथे ताबडतोब थांबतो. टँकर कोणाचा, भरतो कुठून, रस्त्यात अडवत कसं नाही कोणी. तापी, गिरणा, पांझरा उशाला असून उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्यांना टंचाईतही कोणाच्या तरी घरी तलाव भरलेला असतो हे पटायला वेळ लागत नाही, न पटतो तो टँकरवाल्याचा प्रामाणिकपणा.

झोलावर दोन प्रकारे उत्तर देता येतं, कथेच्या आतून किंवा कथेच्या बाहेरून. शेरलॉक होम्सच्या अभ्यासकांनी हा भेद नीट वापरात आणला, रोनाल्ड नॉक्सने १९११ मध्ये त्या कथांमधल्या विसंगतींवर गंमतीत पण शास्त्रीय थाटात लिहिलं तिथून हा खेळ वाढला. द हँडमेड्स टेल (अमेरिकन, २०१७ ते २०२५, बायकांना मुलं जन्माला घालण्यापुरतं राबवणारं राज्य) मधे दुसऱ्या सीझनच्या शेवटी नायिका जून पळून जायची संधी असताना बाळ दुसरीच्या हातात देते आणि स्वतः मागे थांबते. आतलं उत्तर, मोठी मुलगी अजून तिथेच आहे, आई कशी जाईल. बाहेरचं उत्तर, ती गेली असती तर तिसरा सीझन कोणावर काढला असता. मालिका हिंदीत फारशी न पोचल्याने ती बघणारे थोडे, मुख्यतः कॉलेजातले आणि पुण्याहून सुट्टीला आलेले, पण त्यांच्यात बायकांचं मत बहुतेक आतल्या उत्तराकडे झुकतं आणि पुरुष बाहेरचं उत्तर देऊन सुटतात. दोन्ही उत्तरं एकदम खरी असू शकतात हे कोणी ऐकून घेत नाही.

रेल्वेत हा प्रकार वेगळाच चालतो. सुरत-भुसावळ लाईनवर अधेमधे रेंज जाते म्हणून लोक भाग आधीच डाउनलोड करून आणतात, एका मोबाईलवर तिघं बघतात, इयरफोन दोघांनाच, तिसरा चित्र बघून अंदाज बांधतो आणि बहुतेक झोल तोच काढतो. नंदुरबारला निम्मा डबा उतरतो.