'द लास्ट एक्स्प्रेस' : एका हुकलेल्या गाडीची पार्श्वभूमी

नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या संगणक क्लासमध्ये सरांची पाठ वळली की फ्लॉपीवरून हमखास सुरू होणारा खेळ म्हणजे 'प्रिन्स ऑफ पर्शिया'. तासाभरात तळघरातून राजकन्येपर्यंत पोचायचे, एवढीच त्याची अट होती. पण पांढऱ्या कपड्यांतला तो नायक कठड्याला लोंबकळून ज्या सफाईने वर चढे, ती सफाई तोवरच्या खेळांत फारशी पाहायला मिळत नसे. खेळ घराघरांत पोचला, तरी तो घडवणाऱ्या जॉर्डन मेकनर यांचे नाव इथे क्वचितच कोणाला ठाऊक असे. त्यांनी पुढे १९९७ मध्ये आणलेला 'द लास्ट एक्स्प्रेस' तर खुद्द अमेरिकेतही बहुसंख्य खेळाडूंच्या हाती पडला नाही. त्याचे कारण खेळात कमी आणि तो विकला कसा गेला यात अधिक सापडते.

या खेळाची मुळे मेकनर यांच्या आधीच्या कामात आहेत. १९८४ च्या 'कराटेका'साठी त्यांनी आपल्या कराटे शिक्षकांचे चित्रीकरण केले होते, तर १९८९ च्या 'प्रिन्स'साठी धाकट्या भावाला धावायला आणि उड्या मारायला लावून त्या चित्रफितीवरून एकेक हालचाल उतरवून घेतली होती. खऱ्या माणसाच्या हालचालीवरून चित्र गिरवण्याच्या या पद्धतीला रोटोस्कोपिंग म्हणतात. त्या पद्धतीइतकेच महत्त्वाचे होते ते 'प्रिन्स'मधले घड्याळ, जे खेळाडू चुकला, मेला, तरी थांबत नसे. १९९३ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे 'स्मोकिंग कार प्रॉडक्शन्स' ही कंपनी काढून मेकनर यांनी टोमी पियर्स यांच्यासह नवी कथा लिहायला घेतली, तेव्हा या दोन्ही गोष्टी त्यांनी सोबत नेल्या.

कथेसाठी निवडलेला काळच बोलका आहे. ऑस्ट्रियाने सर्बियाला निर्वाणीचा खलिता दिला तो २३ जुलै १९१४ रोजी. खेळातली ओरिएंट एक्स्प्रेस कॉन्स्टँटिनोपलकडे जाण्यासाठी पॅरिस सोडते ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. तरुण अमेरिकन डॉक्टर रॉबर्ट कॅथ धावत्या गाडीत चढतो आणि ज्याने बोलावले त्या मित्राचा मृतदेहच त्याला डब्यात सापडतो. त्या मृतदेहाची विल्हेवाट लावणे हे खेळाडूचे पहिले काम, कारण ते जमले नाही तर प्रवास तिथेच संपतो. सहप्रवाशांत जर्मन शस्त्रव्यापारी, ऑस्ट्रियन व्हायोलिनवादक स्त्री, वृद्ध रशियन उमराव आणि त्याची नात, तरुण अराज्यवादी आणि सर्बियन राष्ट्रवाद्यांची टोळी आहे. म्हणजे महायुद्धात उतरू पाहणारा युरोपच दोन-चार डब्यांत कोंबलेला आहे.

सगळ्यांत धाडसी होती ती काळाची मांडणी. खेळातले घड्याळ खऱ्या वेळेच्या सुमारे सहापट वेगाने धावते आणि प्रवासी आपापल्या वेळापत्रकाप्रमाणे उठतात, जेवतात, भांडतात. खेळाडू तिथे आहे की नाही याची त्यांना फिकीर नसते. भोजनयानात एका टेबलाशी बसून कान लावावा, तर त्याच वेळी पलीकडच्या कूपेत चाललेले बोलणे कायमचे निसटते. संवाद फ्रेंच, जर्मन, रशियन, सर्बियन अशा ज्याच्या त्याच्या भाषेत आहेत आणि कॅथला जी भाषा येते तिचीच उपशीर्षके दिसतात. एका खाजगी डब्यात संगीतकार सेझार फ्रांक यांच्या व्हायोलिन सोनाटाची मैफल होते. ती शांतपणे ऐकत बसता येते. पण सगळे श्रोते तिथे गुंतलेले असताना त्यांचे डबे धुंडाळायची अशी संधी पुन्हा येत नाही. डाव जपून ठेवण्याचीही भानगड नाही, कारण चूक झाली की घड्याळाचे काटे मागे फिरवून आधीच्या स्थानकावरून पुन्हा निघता येते.

दृश्यांसाठीही अशीच मेहनत घेतली गेली. डब्याचे अंतरंग हुबेहूब उतरावे म्हणून त्या काळातला एक खरा शयनयान डबा अथेन्समध्ये शोधून काढण्यात आला. नटांचे चित्रीकरण करून त्यातून रेषाचित्रे काढली गेली आणि ती वळणदार रेषांच्या आर नूव्हो शैलीतल्या भित्तिपत्रकांसारखी रंगवली गेली. मारामारीचे प्रसंग मात्र ओबडधोबड आहेत, आणि काही वेळा कॉरिडॉरमध्ये नुसते उभे राहण्यापलीकडे हाती काही नसते, हेही मान्य करायला हवे.

खर्च ५० ते ६० लाख डॉलरच्या घरात गेला, जो त्या वेळी फार मोठा होता. प्रकाशक होती ब्रॉडरबंड. तिनेच प्रकाशित केलेल्या 'मिस्ट' या साहसी खेळाच्या विक्रमी खपामुळे सीडीवरचे असे खेळ म्हणजे काय हे तिला नेमके ठाऊक होते. तरीही खेळ बाजारात येण्याच्या काही आठवडे आधी तिच्या विपणन विभागातली माणसे नोकरी सोडून गेली आणि जाहिरात जवळजवळ झालीच नाही. समीक्षकांनी कौतुक केले, पण तीन सीडींचा तो खोका दुकानात आला आहे हे गिऱ्हाइकाला सांगणारे कोणी उरले नव्हते. त्यातच सॉफ्टबँक या जपानी कंपनीने खेळांच्या व्यवसायातून अंग काढून घेतल्याने प्लेस्टेशनसाठीची आवृत्ती बारगळली. पुढच्याच वर्षी, १९९८ मध्ये, ब्रॉडरबंड 'द लर्निंग कंपनी'च्या ताब्यात गेली आणि खेळाच्या नव्या प्रती निघणे थांबले.

२००० मध्ये इंटरप्लेने तो स्वस्त आवृत्तीत पुन्हा आणला खरा, पण ती कंपनीही लवकरच आर्थिक गाळात रुतली. मेकनर यांना मोठे यश पुन्हा लाभले ते 'प्रिन्स'कडे परतल्यावरच. २००३ च्या 'द सँड्स ऑफ टाइम'ची कथा त्यांची आहे, आणि त्यात खेळाडू चुकला की जादूच्या खंजिराने काळ मागे घेतो. या युक्तीचे त्या वेळी सर्वत्र कौतुक झाले. खुद्द 'द लास्ट एक्स्प्रेस' २०१२ मध्ये आयफोन-आयपॅडवर आणि नंतर संगणकावरचे खेळ ऑनलाइन विकणाऱ्या स्टीमवर उपलब्ध झाला, आणि मूळ प्रवासाला पंधरा वर्षे उलटल्यावर त्या घड्याळाचे काटे बोटाने मागे फिरवता येऊ लागले.