हाकेचं गणित

पिल्लू ‘मुद्दाम’ ऐकत नाही, ही तक्रार कुत्रा पाळणाऱ्यांच्या तोंडी कायम असते. घरात हाक मारली की शेपूट हलवत येतं, मैदानात सोडलं की ढुंकूनही बघत नाही. म्हणजे त्याला कळतं सगळं, पण ते शिरजोर आहे, असा निष्कर्ष निघतो. मग कुणीतरी सल्ला देतं की त्याला ‘बॉस कोण’ ते एकदा दाखवून द्या.

या ‘बॉस’ प्रकरणाचा आधी निकाल लावू. रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली बंदिस्त लांडग्यांच्या वर्तनावर लेख लिहिला आणि ‘अल्फा’ लांडग्याची कल्पना तिथून रुजली. एकत्र कोंडलेले लांडगे वर्चस्वासाठी भांडत होते, हे निरीक्षण खरं होतं. पण रानातला कळप म्हणजे बहुधा एक कुटुंबच असतं, आई-बाप आणि त्यांची पिल्लं. डेव्हिड मेक या लांडगातज्ज्ञांनी स्वतः एके काळी ‘अल्फा’ हा शब्द वापरला होता. १९९९ साली त्यांनीच तो रानातल्या कळपाला लावू नये असं लिहिलं. तरीही दोन महिन्यांच्या पिल्लाला उताणं पाडून धरायला सांगणारे व्हिडिओ आजही जोरात चालतात.

पिल्लू शिरजोर नाही. त्याचा मेंदू एक हिशेब ठेवतो आणि त्या हिशेबात आपली हाक तोट्यात गेलेली असते, एवढंच. हा हिशेब कसा चालतो ते बघण्यासारखं आहे.

पावलोव्हचा कुत्रा शाळेत सगळ्यांना भेटलेला असतो: घंटा, अन्न, लाळ. त्यातून बहुतेकांची समजूत होते की दोन गोष्टी पुन्हा पुन्हा एकत्र घडल्या की त्यांची गाठ पडते. हे अपुरं आहे. १९६०च्या दशकाच्या अखेरीस लिऑन कॅमिन यांनी उंदरांवर एक साधा प्रयोग केला. आधी उंदरांना एका आवाजाची सवय लावली: आवाज आला की सौम्य विजेचा झटका बसणार. ते पक्कं झाल्यावर आवाजाच्या जोडीला दिवाही लावायला सुरुवात केली. आवाज आणि दिवा एकत्र, मग झटका, असं बऱ्याचदा झालं. शेवटी फक्त दिवा लावून पाहिला, तर उंदीर जवळजवळ घाबरलेच नाहीत. दिवा आणि झटका इतक्या वेळा एकत्र येऊनही गाठ पडली नव्हती, कारण झटक्याची वर्दी आवाजानेच दिलेली होती. दिव्याने नवीन काहीच सांगितलं नाही, म्हणून मेंदूने त्याची नोंद घेतली नाही.

आता घरातलं दृश्य बघा. आपण खाऊच्या पिशवीत हात घालतो, ती कुरकुरते, आणि मग आपण म्हणतो, ‘ये!’ पिल्लू धावत येतं. आपल्याला वाटतं ते ‘ये’ शिकलं. प्रत्यक्षात ते पिशवी शिकलेलं असतं आणि ‘ये’ हा कॅमिनचा दिवा असतो. मैदानात पिशवी वाजत नाही, नुसता दिवा लागतो.

रॉबर्ट रेस्कोर्ला आणि ॲलन वॅग्नर यांनी १९७२ साली हे सगळं एका समीकरणात बसवलं. त्याचा गाभा असा: शिकणं घडतं ते अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांच्यातल्या तफावतीच्या प्रमाणात. आकडे घालून बघू. समजा खाऊची किंमत १०० आहे आणि पिल्लू दर वेळी तफावतीचा पाचवा हिस्सा शिकतं. पहिल्या हाकेला अपेक्षा शून्य, तफावत १००, म्हणून हाकेच्या खात्यात २० जमा. दुसऱ्या वेळी तफावत ८०, जमा १६, एकूण ३६. तिसऱ्या वेळी ४८.८, चौथ्या वेळी ५९ च्या आसपास. सुरुवातीला झपाट्याने वाढ होते, पुढे ती मंदावत जाते. आता पाचव्यांदा हाक मारली, पिल्लू आलं आणि काहीच मिळालं नाही. तफावत उणे ५९, म्हणून १२ वजा, शिल्लक ४७. आणि पाचव्यांदा बोलावून आंघोळीला उचललं असेल, आंघोळीची किंमत त्याच्या लेखी उणे ५० असेल, तर तफावत उणे १०९ आणि शिल्लक साधारण ३७. दोन बक्षिसांची कमाई एका आंघोळीत जवळजवळ वाहून गेली. पिशवी आधीच वाजली असेल, तर अपेक्षा शंभराला पोचलेली असते, तफावत शून्य, आणि हाकेच्या खात्यात जमाही शून्य. (हे आकडे समजण्यापुरते घेतलेत, तुमच्या पिल्लाचा ‘पाचवा हिस्सा’ कुणी मोजलेला नाही.)

हे नुसतं कागदी गणित राहिलं असतं, तर मी एवढा पाल्हाळ लावला नसता. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मध्यमेंदूत डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या पेशी काय करतात ते नोंदवलं. अनपेक्षितपणे फळाच्या रसाचा थेंब मिळाला की त्या पेशी एकदम पेटत. रसाआधी ठरावीक खूण दाखवायला लागल्यावर काही काळाने पेशी खुणेलाच पेटू लागल्या आणि रस आला तेव्हा गप्प राहिल्या. खूण दाखवून रस दिलाच नाही, तर ज्या क्षणी तो यायला हवा होता नेमक्या त्याच क्षणी त्यांचा पेटण्याचा वेग नेहमीपेक्षाही खाली गेला. म्हणजे तफावत मेंदूत खरोखरच मोजली जाते, अधिक आणि उणे अशा दोन्ही बाजूंनी. शुल्ट्झ, पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांनी १९९७ साली हा मेळ मांडला. डोपामिनला सरसकट ‘आनंदाचं रसायन’ म्हणणाऱ्या लेखांकडे यानंतर जरा संशयानेच बघावं. तो थेंब तितकाच गोड असताना पेशी गप्प होत्या.

रेस्कोर्ला-वॅग्नरला सगळंच जमतं असंही नाही. रॉबर्ट लुबो आणि उलरिक मूर यांनी १९५९ साली मेंढ्या-शेळ्यांवर दाखवलं की एखादी खूण आधी बराच काळ निरर्थक दाखवली, तर पुढे तिला अर्थ चिकटवायला जास्त वेळ लागतो. समीकरणाप्रमाणे असं व्हायला नको, कारण खातं शून्यावर होतं आणि शून्यावरच राहिलं. पण होतं असं. कुंपणाशी हुंगत बसलेल्या पिल्लाला ‘ये ये ये ये, अरे ये ना’ असं पाच मिनिटं आळवत राहिलं, तर शब्द झिजतो. तो इतका झिजला असेल, तर नवा शब्द घ्यावा किंवा शिट्टी. शब्द एकदाच उच्चारायचा, हात खिशाबाहेर ठेवून; पिल्लू वळलं की कौतुक, पोचलं की लगेच खाऊ. उशिरा आलं म्हणून रागावलं, तर ती शिक्षा त्याच्या लेखी उशिराची नसते, येण्याची असते.

शिट्टीवरून आठवलं. माणसाला ऐकू न येणाऱ्या शिट्ट्या चमत्कार म्हणून विकल्या जातात. कुत्र्याला साधारण ४५,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, आपली मजल २०,००० पर्यंत, हे खरं. पण ऐकू येणं म्हणजे अर्थ कळणं नव्हे. त्या शिट्टीचंही खातं शून्यावरूनच सुरू होतं. आवाजाच्या घडणीने मात्र फरक पडतो. पॅट्रिशिया मॅकॉनेल यांनी १९९० साली पिल्लांवर केलेल्या प्रयोगात चढत जाणाऱ्या चार तुटक सुरांना ती जास्त चटकन आली. एकाच लांब, उतरत्या सुराला तेवढी नाही. जरबेने लांबवलेली हाक म्हणूनच कुचकामी.

मैदानात खरी स्पर्धा खाऊशी नसते. वास, दुसरी कुत्री, उडणारी पानं यांची किंमत पिल्लाच्या लेखी खाऊहून जास्त असू शकते. त्यामुळे बोलावून पट्टा अडकवणं हा सर्वांत महाग व्यवहार. त्यापेक्षा बोलवावं, खाऊ द्यावा आणि पुन्हा खेळायला सोडावं. अशा दहा हाकांपैकी एकच घरी नेणारी असली, तर खातं बुडत नाही. शिकत असताना लांब दोरी बांधलेली असावी, म्हणजे न येऊन मजा मारण्याचा धडा गिरवला जात नाही. येईलच अशी खात्री नसेल, तर हाक मारूच नये. सरळ दोरी धरून जवळ जावं.

एवढं करूनही आठव्या महिन्याच्या सुमारास सगळं विसरल्यासारखं होऊ शकतं. ब्रिटनमधल्या संशोधकांनी २०२० साली, पुढे अंधांसाठी काम करणार असलेल्या कुत्र्यांवर याची चाचणी घेतली. आज्ञा ‘बस’ ही होती. पाच महिन्यांच्या मानाने आठव्या महिन्यात ती आपल्या सांभाळणाऱ्याचं कमी ऐकू लागली, अनोळखी माणसाचं मात्र नाही. हा वयात येण्याचा काळ. या दिवसांत लांब दोरी पुन्हा बांधावी आणि खाऊ पुन्हा दर हाकेला द्यावा.