वरची दाढ काढल्याने नजर जात नाही

‘वरची दाढ काढली की डोळे अधू होतात’ या भीतीपोटी कित्येक घरांत आजी-आजोबा किडलेली दाढ वर्षानुवर्षे तशीच ठेवतात. भीती निराधार आहे. वरच्या दातांची संवेदना चेहऱ्याच्या त्रिशाखी नसेच्या (तीन शाखांच्या नसेच्या) मधल्या शाखेतून मेंदूकडे जाते. दृष्टीची नस पूर्णपणे वेगळी. दाढ काढताना तिला धक्का लागत नाही. भुलीच्या इंजेक्शनने क्वचित दोन-दोन दिसू लागते, पण भूल उतरली की तेही थांबते.

मग समज रुजला कसा? चाळिशीनंतर जवळचे वाचायला चष्मा लागतो, आणि हिरड्यांच्या आजाराने दात हलू लागतात तेही बहुधा त्याच सुमारास. उलट, वरच्या सुळ्याच्या मुळाशी पू साचला तर डोळ्याखाली सूज चढते. खरा धोका दात ठेवण्यात आहे!

दाढ काढल्यावर कापसाचा बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरा. 24 तास चूळ, थुंकणे, स्ट्रॉ, तंबाखू बंद. नाहीतर रक्ताची गुठळी निघून हाड उघडे पडते आणि तिसऱ्या दिवशी कानापर्यंत ठणका लागतो. दुसऱ्या दिवसापासून पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून हलक्या गुळण्या. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मनाने बंद करू नका, आधी डॉक्टरांना सांगा.

रिकाम्या जागेकडे शेजारचे दात कलतात, समोरच्या जबड्यातला दात त्या जागेत लांबतो. म्हणून काढणी ठरतानाच इम्प्लांट (हाडात रोवलेला कृत्रिम दात), ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला पक्का दात) की काढती कवळी हे विचारून घ्या. ब्रिजसाठी शेजारचे चांगले दात कोरून लहान करावे लागतात, हे आधी कळलेले बरे.