क्रॉसचा कप: घट्ट किती, सैल किती?

प्रोपेलर शाफ्ट म्हणजे इंजिनाची ताकद पुढे नेणारा फिरता दांडा. त्याच्या जॉइंटमधला क्रॉस म्हणजे चार बोटांचा पोलादी तुकडा. प्रत्येक बोटावर बारीक सुयांच्या बेअरिंगचा एक कप असतो आणि तो योकच्या, म्हणजे शाफ्टच्या टोकाच्या दुबोटी काट्याच्या, कानात पक्का राहावा लागतो. कप हलला की कान झिजतो, आवळला गेला की सुया अडकतात. कप धरून ठेवायची पद्धत कुठलीही घ्या, यातली एक भीती राहतेच.

ट्रॅक्टरच्या रोटाव्हेटरच्या पीटीओ शाफ्टवर (ट्रॅक्टरची ताकद अवजाराला देणारा दांडा) बहुधा सर्क्लिप, म्हणजे खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी, असते. कप दाबून बसवायचा आणि कानातल्या खाचेत क्लिप टाकायची, एवढंच काम. पण मराठवाड्यातली काळी माती त्या खाचेत वाळून दगडासारखी होते. खाच खरवडून साफ केली नाही तर क्लिप अर्धवट बसते आणि मिनिटाला 540 फेऱ्यांवर उडून जाते. दुसरी अडचण बसवतानाच होते. कप ठोकताना एखादी सुई आडवी होऊन तळाशी पडते, कप तेवढाच बाहेर राहतो आणि क्लिप खाचेत जात नाही. अशा वेळी हातोडा जोरात चालवला की कान वाकला म्हणून समजा. कप काढावा, सुया ग्रीसने चिकटवाव्यात, क्रॉसचं बोट कपात थोडं शिरवूनच व्हाइसमध्ये दाबावं. क्लिप बसल्यावर क्रॉस जड फिरत असेल तर कानाला बाहेरून पितळी हातोडीने हलके ठोके द्यावेत, कप क्लिपला टेकून मोकळा होतो. क्लिप कानाच्या आतल्या बाजूने बसणारी असेल, तर ती नीट बसली की नाही हे डोळ्याला दिसणंही अवघड.

काही जॉइंटमध्ये कप यू आकाराच्या बोल्टने योकला आवळतात. या यू-बोल्टचा फायदा म्हणजे शाफ्ट रस्त्यावरही उतरवता येतो. तोटा पान्यात आहे. 8 मिमीच्या यू-बोल्टला साधारण 20 न्यूटन-मीटर टॉर्क (आवळायचा जोर) पुरेसा असतो, पण पान्याला पाइप लावून आवळायची सवय जात नाही. कप पातळ असतो, तो अंडाकृती होतो आणि सुयांच्या रेघा बोटावर उमटतात. दोन्ही नट आलटून पालटून थोडे थोडे आवळावेत. यू-बोल्टऐवजी पट्टीचा क्लॅम्प असेल तर त्यात पट्टी ताणली जाते, म्हणून दर वेळी पट्टी आणि बोल्ट नवेच घ्यावेत.

अवजड ट्रकमध्ये कपावरची प्लेट बोल्टने योकला जोडतात. इथे प्लेटखाली कचरा राहिला की बोल्ट हळूहळू ढिले होतात आणि योकमधले आटे जातात. बोल्ट अडवणारी लॉकपट्टी एकदा उलगडली की परत वापरू नये.

काही हलक्या गाड्यांत कारखान्यातच कानाचा धातू ठेचून कप अडकवतात. कारखान्याला ते सोयीचं, पण आपल्याला क्रॉस बदलता येत नाही. ठेचलेलं घासून नवा क्रॉस घातला तर तो मध्यावर बसेलच असं नाही. शाफ्टचा तोल जातो आणि गाडी थरथरते. मग अख्खा शाफ्ट घ्यावा लागतो. खेड्यापाड्यात चालवायच्या गाडीला ही पद्धत सर्वांत गैरसोयीची.

ग्रीस भरताना चारही कपांच्या सीलमधून ते बाहेर यायला हवं. एखादा कप कोरडाच राहिला तर शाफ्ट हाताने इकडेतिकडे हलवून परत पंप मारावा. प्लेटच्या जॉइंटमध्ये त्या कपाचे बोल्ट थोडे ढिले करून ग्रीस काढता येतं आणि मग ते ठरलेल्या टॉर्कला परत आवळता येतात. सर्क्लिपच्या जॉइंटमध्ये मात्र कप उघडण्याशिवाय गत्यंतर नाही.