कॅरिअर परत तिथंच का तुटतंय?

वडिलांच्या येझदी मोटारसायकलचं मागचं कॅरिअर दुसऱ्यांदा चिरलं तेव्हा मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात ते हातात घेऊनच उभा होतो. मिस्त्री म्हणाले, लोखंड म्हातारं झालंय, नवीन घाला. आता म्हैसूरला बनलेल्या त्या जुन्या गाडीचं ओरिजिनल कॅरिअर आणायचं कुठनं? आणि खरं सांगायचं तर लोखंड म्हातारं वगैरे होत नाही.

चीर नीट बघितली तर बरंच कळतं. तुटलेल्या तोंडाचा एक भाग गुळगुळीत, त्यावर शिंपल्यावर असतात तशा बारीक कमानी, आणि उरलेला भाग खरबरीत. गुळगुळीत भाग म्हंजे चीर महिनोन् महिने थोडी थोडी सरकत गेली, खरबरीत भाग म्हंजे शेवटच्या दणक्यात एकदम तुटला. याला फटीग म्हणतात. बाइंडिंगची तार आपण एका ओढीत तोडू शकत नाही पण इकडं तिकडं वाकवत बसलं की तुटते, तसंच. 1842 मध्ये फ्रान्समध्ये व्हर्सायजवळ रेल्वेचा आस (चाकांचा दांडा) असाच तुटून मोठा अपघात झाला, आणि पुढं ऑगस्ट व्होलर या जर्मन रेल्वे इंजिनिअरनं वर्षानुवर्षं आस फिरवून फिरवून तोडून बघितले. त्यातनं कळलं की ताण एका मर्यादेखाली ठेवला तर पोलाद जवळजवळ कितीही फेरे सोसतं, वर गेला की फेरे मोजूनच मिळतात. अर्थात ही मर्यादा गुळगुळीत, कोरड्या पोलादाची. गंज चढला की ती राहत नाही, आणि आपल्याकडचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे.

फेरे किती होतात याचा हिशोब मी केला तर डोकंच फिरलं. इंजिन 3000 आरपीएमला (मिनिटाला 3000 फेरे) फिरतंय धरा, म्हंजे सेकंदाला 50 थरथरी, तासाला 1,80,000. गगनबावड्यापर्यंत दीड तास लागला तर पावणेतीन लाखाच्या आसपास, आणि त्यात खड्डे धरलेलेच नाहीत.

पहिल्या वेळी एका ठिकाणी चिरेवरच जाडजूड वेल्डिंग मारून घेतलं होतं, दिसायला एकदम भक्कम. चार महिन्यांत शेजारीच चिरलं, वेल्डिंगला काही झालं नाही. कारण वेल्डिंगचा रस थंड होताना आकसतो आणि शेजारच्या पाइपला ओढून धरतो, शिवाय वेल्डिंगचा डाग संपतो तिथं जी पायरी राहते तिच्यावर सगळा ताण गोळा होतो. जाड डाग म्हंजे मजबूत डाग, हा आपल्याकडचा मोठा गैरसमज आहे बघा.

यावेळी आधी कॅरिअर गाडीवरनं उतरवलं (टाकीजवळ ठिणग्या नकोतच) आणि मग खरं कारण सापडलं, मागचा एक बोल्ट ढिला होता, त्यामुळं मागचं टोक मोकळं हलत होतं आणि सगळं वजन एकाच कोपऱ्यावर. चीर कुठपर्यंत गेलीय ते बघायला रॉकेल लावून पुसलं आणि वर खडूची पूड टाकली, चिरेत शिरलेलं रॉकेल बाहेर येऊन खडूवर रेघ उमटते, जुनी पण फार छान युक्ती. दिसत होती त्यापेक्षा चीर बोटभर लांब निघाली! दोन्ही बाजूचं क्रोम घासून काढलं, कारण क्रोमवर आर्क वेल्डिंग मारलं की निघणारा धूर फुफ्फुसाला वाईट. पाइपला खाली बारीक भोक पाडलं, बंद पाइपात पाणी अडकलेलं असलं तर तापल्यावर वाफ होऊन फुटतो.

मग खराब तुकडा कापला, आत घट्ट बसणारा पाइपाचा तुकडा सरकवला, त्याची टोकं तिरकी कापली म्हंजे ताण एका रेषेवर साठत नाही, आणि पितळी रॉड नि टाकणखार (बोरॅक्स) घेऊन गॅसवर डाग दिला. पितळ साधारण 900 अंशाला वितळतं, पोलाद 1500 च्या आसपास, त्यामुळं पाइप न वितळता पितळ बारीक फटीत आपोआप ओढलं जातं. फक्त एक लक्षात ठेवा, एकदा पितळ लागलं की त्या जागेवर परत आर्क वेल्डिंग करायचं नाही, वितळलेल्या पितळातलं तांबं पोलादाच्या कणांमध्ये शिरून नवीन चिरा पाडतं.

खाली एक त्रिकोणी पट्टी, बोल्टखाली रबरी वॉशर, आणि बॅग आता सीटला चिकटवूनच बांधतो, कारण तेच वजन दुप्पट मागं गेलं की बुडाशी वाकवणारा जोर दुप्पट होतो. परवा पन्हाळ्याहून आल्यावर परत रॉकेल-खडू केलं. सगळा पांढरा, रेघ नाही.