अंडाशयाचा कर्करोग आणि ईआर-पीआर: एका प्रश्नाची पाच उत्तरं

स्तनाच्या कर्करोगाचा रिपोर्ट हातात आला की आता नातेवाईकही ‘ईआर-पीआर पॉझिटिव्ह आहे का?’ असं विचारतात, म्हणजे गाठीच्या पेशींत स्त्री-संप्रेरकांना धरून ठेवणारी प्रथिनं आहेत का. अंडाशयाच्या कर्करोगात हा प्रश्न सहसा कानावर येत नाही. गंमत म्हणजे ही गोष्ट सुरू झाली अंडाशयापासूनच. ग्लासगोचे सर्जन जॉर्ज बीटसन यांनी स्तनाचा कर्करोग बळावलेल्या एका स्त्रीचे अंडाशय काढले, तर स्तनाकडची गाठ विरत गेली. १८९६ मध्ये त्यांनी हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. अंडाशयातलं काहीतरी गाठीला पोसतं, एवढं कळलं. नेमकं कसं, ते कळायला आणखी साठेक वर्षं लागली.

१९५०च्या दशकाच्या अखेरीस शिकागो विद्यापीठात एलवुड जेन्सन यांनी इस्ट्रोजेन हे अंडाशयात तयार होणारं संप्रेरक किरणोत्सारी करून उंदरांना टोचलं आणि ते कुठे जातं याचा माग काढला. स्नायूंमधून ते निघून गेलं, गर्भाशयात टिकून राहिलं. त्याला धरून ठेवणारं प्रथिन म्हणजेच इस्ट्रोजेन रिसेप्टर, ईआर. पुढे १९७५ मध्ये टेक्सासमध्ये कॅथरिन हॉर्विट्झ आणि विल्यम मॅग्वायर यांनी प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या स्त्री-संप्रेरकाच्या रिसेप्टरचं, पीआरचं, महत्त्व दाखवून दिलं. पीआर तयार होतो तो ईआरच्या हुकमावर. म्हणजे पीआर सापडला, तर ईआर नुसता हजर नाही, कामही करतो आहे.

स्तनाच्या गाठीत ईआर-पीआर पाहून आजाराचा अंदाज बांधता येऊ लागल्यावर अंडाशयाच्या गाठींची तपासणी होणारच होती: तिथेही हे रिसेप्टर रुग्णाचं भवितव्य सांगतात का? पण निष्कर्ष एकमेकांशी जुळेनात. कुठे ईआर असलेल्या रुग्ण जास्त जगल्या, कुठे काहीच फरक नाही. एक दोष पद्धतीत होता: सुरुवातीला गाठीचा ताजा तुकडा कुटून त्यातले रिसेप्टर मोजत, त्यात कर्करोगाच्या पेशींबरोबर आजूबाजूच्या निरोगी पेशीही वाटल्या जायच्या. रिसेप्टरला चिकटणाऱ्या अँटिबॉडीने स्लाइड रंगवायची सोय झाल्यावर कोणत्या पेशीचं केंद्रक तपकिरी झालं, म्हणजे रिसेप्टर कुठे आहे, ते डोळ्यांनी दिसू लागलं.

तरीही गोंधळ संपला नाही, कारण माझ्या मते खरी चूक प्रश्नातच होती. ‘अंडाशयाचा कर्करोग’ हा एक आजार नाहीच. हाय-ग्रेड सीरस, लो-ग्रेड सीरस, एंडोमेट्रिऑइड, क्लिअर सेल आणि म्युसिनस या पाच प्रकारांचं मूळ, जनुकीय बिघाड, केमोला मिळणारा प्रतिसाद, सगळं वेगळं. सगळ्यांची सरासरी काढली तर हाती काय लागणार? आणि एकेका प्रकाराचे पुरेसे रुग्ण एका रुग्णालयात मिळत नाहीत.

म्हणून अनेक देशांतल्या संशोधकांनी नमुने एकत्र केले. २०१३ मध्ये २,९३३ स्त्रियांच्या गाठींवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तोही प्रकारवार. एंडोमेट्रिऑइडमध्ये ईआर किंवा पीआर असेल तर या आजाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे एक तृतीयांशावर आला. सर्वाधिक आढळणाऱ्या हाय-ग्रेड सीरसमध्ये ईआरने काहीच सांगितलं नाही. पीआर निम्म्या किंवा त्याहून अधिक पेशींत असेल तरच भवितव्य थोडं बरं दिसलं. उरलेल्या तिन्हींत ठोस संबंध आढळला नाही.

त्या तिन्हींतला लो-ग्रेड सीरस चकवणारा आहे. अभ्यासात त्याच्या जेमतेम ११० रुग्ण होत्या. या गाठींत ईआर बहुधा असतो आणि केमोला त्या फारशी दाद देत नाहीत. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या जुन्या नोंदींवरून दिसलं, की केमोनंतर लेट्रोझोलसारखी संप्रेरकविरोधी औषधं घेतलेल्यांपैकी निम्म्या जणींचा आजार ६४.९ महिने किंवा जास्त आटोक्यात राहिला, न घेतलेल्यांत हाच आकडा २६.४ महिने होता. रिसेप्टरने जिथे भवितव्य सांगायला नकार दिला होता, तिथेच इस्ट्रोजेनला रोखणारी औषधं लागू पडताना दिसत होती.