तांब्याला हॉट प्रेस, मडक्याला कोल्ड प्रेस

रविवारी सकाळी बेळगावच्या टिळकवाडीत माझ्याकडं चार-पाच पोरं स्टिल लाईफ, म्हणजे टेबलावर वस्तू मांडून त्यांची चित्रं, करायला येतात, त्यातल्या एकानं परवा विचारलं, "सर, लाल-पिवळ्याला हॉट प्रेस आणि निळ्या-हिरव्याला कोल्ड प्रेस वापरायचा ना?" उत्तर नाही असंच आहे, पण प्रश्न अगदी बरोबर जागेवरून आलाय, कारण आपणच पोरांना उष्ण रंग आणि शीत रंग शिकवतो आणि मग जलरंगाच्या कागदाच्या पॅडच्या कव्हरवर पण हॉट-कोल्ड छापलेलं दिसतं, कुणीही ते एकमेकांना जोडणारच की.

तर ही नावं रंगाची नाहीत, कागद दाबायच्या पद्धतीची आहेत. कोल्ड प्रेस म्हणजे ओला कागद फेल्टमध्ये, म्हणजे लोकरीच्या जाड कापडात, घालून गरम न करता दाबलेला, त्या फेल्टचा पोत कागदावर उमटतो आणि बारीक खड्डे-उंचवटे राहतात, बोट फिरवलं की कळतं. हॉट प्रेस म्हणजे गरम गुळगुळीत रोलरमधून काढलेला, इस्त्री फिरवल्यासारखा सपाट. तिसरा रफ असतो, तो कोल्ड प्रेसपेक्षाही खडबडीत, त्याला आज बाजूला ठेवू. आणि जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, ते वेगळंच प्रकरण, ३०० जीएसएममध्ये दोन्ही कागद मिळतात, त्यामुळं दुकानात नुसतं "३०० चा द्या" म्हटलं की काय हातात येईल सांगता येत नाही.

मी पोरांसमोर दोन्ही कागद शेजारी-शेजारी लावले, ११ बाय १५ इंचाचे, आणि टेबलावर ठेवलं काय तर पितळी तांब्या, दोन रताळी, मूठभर ब्याडगी मिरच्या आणि खानापूरहून येणाऱ्या एका मुलीनं आणलेलं मातीचं मडकं. खानापूरची माती आणि तिथली कुंभारकी आपल्याकडं सगळ्यांना माहीत आहे, तो भाजलेला तांबूस रंग जलरंगात आणायचा म्हणजे मला तरी सगळ्यात आवडतं काम. रंग एकाच पॅलेटमधले, ब्रश तोच, पाणी तेच.

मिरचीपासून सुरुवात केली. हॉट प्रेसवर लाल रंग वाळल्यावर पण उजळ राहिला, कोल्ड प्रेसवर तोच लाल थोडा बसका, मऊ दिसायला लागला. पोरांना वाटलं दुसऱ्यात पाणी जास्त पडलं असेल. तसं नव्हतं. सपाट कागदावर रंगाचा पातळ थर वरच्यावर एकसारखा पसरतो आणि उजेड त्यातून जाऊन खालच्या पांढऱ्यावरून सरळ परत येतो, म्हणून रंग स्वच्छ वाटतो. खडबडीत कागदावर प्रत्येक उंचवट्याची एक बारीकशी सावली पडते आणि उजेड इकडंतिकडं विखुरतो, मग लांबून बघितलं की त्या सगळ्या सावल्या रंगात मिसळून तो एक पट्टी खाली गेल्यासारखा वाटतो. खिडकी बाजूला असेल तर हा फरक जास्त दिसतो, समोरून उजेड आला तर कमी. चित्र भिंतीवर कुठं लावणार याचा विचार यासाठी पण करायला पाहिजे.

हे इंग्लंडमधल्या विल्यम हेन्री हंटनं (१७९०–१८६४) फार नीट ओळखलं होतं असं मला वाटतं. हा माणूस द्राक्षं, प्लम, पक्ष्यांची घरटी जलरंगात काढायचा, आणि फळाच्या जागी आधी पांढऱ्या रंगाचा थर देऊन तो कडक वाळू द्यायचा, मग त्यावर शुद्ध रंगाचे बारीक-बारीक टिपके. म्हणजे फळाचा रंग पेटता राहावा म्हणून त्यानं कागदावर स्वतःचा वेगळा पृष्ठभाग तयार करून घेतला. कागद बदलला की रंग बदलतो हे ज्याला पटत नाही त्यानं त्याची फळं बघावीत.

आता मडकं. इथं सगळं उलटं झालं. बर्न्ट सिएना या तांबूस तपकिरी रंगात थोडा अल्ट्रामरीन, म्हणजे गडद निळा, घालून सावलीची बाजू केली, आणि अल्ट्रामरीनचे कण एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके होतात, पाणी सुकताना ते कोल्ड प्रेसच्या खड्ड्यांत जाऊन बसतात, त्यामुळं तांबूस रंगात निळसर रवा दिसायला लागतो, भाजलेल्या मातीला जसा असतो तसाच. याला ग्रॅन्युलेशन म्हणतात. हॉट प्रेसवर कणांना बसायला जागाच नाही, तिथं तेच मिश्रण गुळगुळीत तपकिरी झालं, मडकं प्लॅस्टिकचं वाटायला लागलं. मात्र सगळेच रंग असे रवाळ होत नाहीत, थॅलो ब्लूचे कण इतके बारीक की तो कुठल्याही कागदावर सपाटच बसतो, मग तो वापरून कोल्ड प्रेसला नावं ठेवण्यात अर्थ नाही. रताळ्याच्या सालीला पण कोल्ड प्रेसच, जवळजवळ सुक्या ब्रशनं आडवा फटका मारला की रंग फक्त उंचवट्यांना लागतो आणि मधे पांढरे ठिपके राहतात, साल आपोआप उभी राहते.

पण तेच पांढरे ठिपके पितळी तांब्याचा घात करतात. तांब्याची चमक म्हणजे एकदम गडद पट्ट्याला चिकटून एकदम पांढरा पट्टा, मधली कड चाकूनं कापल्यासारखी. कोल्ड प्रेसवर ती कड खड्ड्या-उंचवट्यांवरून जाताना तुटते आणि पितळ जुनं, न घासलेलं वाटतं. हॉट प्रेसवर कड जिथं ओढाल तिथंच थांबते. काही जण हॉट प्रेस फक्त पानं-फुलांच्या बारीक अभ्यासचित्रांसाठी म्हणतात, मला ते पटत नाही, धातू, काच, चिनी मातीची बरणी, टोमॅटोची तुकतुकीत साल, या सगळ्याला तोच शोभतो.

मात्र त्रास पण तोच देतो. पाणी वरच तरंगत राहतं, थोडं जास्त झालं की फुलकोबीसारखे डाग पडतात, आणि पहिला थर पूर्ण वाळायच्या आत दुसरा दिला की खालचा उठून वर येतो आणि दोन्ही मिळून चिखल होतो. मागची भिंत, टेबलावरची मोठी सावली असले लांबरुंद वॉश, म्हणजे पातळ रंगाचे सलग थर, त्यावर एकसारखे घालणं फार अवघड, कोल्ड प्रेसवर ते सहज होतं. म्हणून नवीन शिकणाऱ्यानं एकच कागद घ्यायचा असेल तर मी कोल्ड प्रेस सांगतो. रंगीत पेन्सिलवाल्यांना मात्र हॉट प्रेस, नाहीतर खड्ड्यांतलं पांढरं भरता-भरता हात दुखतो आणि रंग तरी भरत नाही.

आपल्याकडच्या पावसाचं पण सांगतो. बेळगाव-खानापूर भागात जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट की कागद, मग कुठला का असेना, वाळतच नाही, आणि अर्धवट ओल्या हॉट प्रेसवर दुसरा थर द्यायचा मोह होतो. त्याहून वाईट म्हणजे कागदाला रंग एकदम शोषू नये म्हणून जे सायझिंग असतं, चांगल्या कागदात बऱ्याचदा जिलेटिनचं, ते ओलीनं खराब होतं. मग वॉश घातला की मधेमधे गडद ठिपके येतात, टिपकागदावर शाई पडल्यासारखे. मी दोन वर्षांपूर्वी याच्यापायी एका दुकानातून आणलेला अख्खा गठ्ठा टाकून दिला, वरून कागद अगदी कोरा करकरीत दिसत होता. तेव्हापासून कागद भिंतीला टेकवून ठेवत नाही, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून कपाटाच्या वरच्या खणात ठेवतो.

आणि एका कंपनीचा कोल्ड प्रेस दुसरीच्या रफसारखा असू शकतो, याला ठरलेलं माप नाही. त्यामुळं नवीन कागद आणला की आधी दोन बोटं रुंद पट्टी कापा, त्यावर एक लाल, एक अल्ट्रामरीन आणि एक बर्न्ट सिएना लावा, पूर्ण वाळू द्या, मग खिडकीपाशी नेऊन जुन्या पट्टीशेजारी धरा. पट्टीच्या मागं कागदाचं नाव आणि तारीख लगेच लिहा, आमच्या पोरांच्या निम्म्या पट्ट्या नाव नसल्यामुळं आता कुठल्या कागदाच्या तेच कळत नाही.